रजेच्या अर्जातलं कारण

दीनानाथ ठोसर घराचं दार लावून लिफ्टपर्यंत जातो, परत येतो, कुलूप ओढून बघतो आणि मगच खाली उतरतो. खाली गाडीत मला रोज तीन मिनिटं जास्त थांबावं लागतं. एकोणीस वर्षांत ती मी वेळापत्रकातच धरून टाकली आहेत. त्याचा बताका, म्हणजे इथलं ओळखपत्र, खिशात असतो. त्याची एक प्रत गाडीत, एक कचेरीच्या खणात आणि एक बायकोच्या फोनमध्ये. गाडी चालवायची पाळी त्याची असली की शंभराच्या रस्त्यावर आम्ही ऐंशीनं जातो आणि मागचे सगळे दिवे मारत राहतात.

भित्रा म्हणून त्याला आमच्यात फारसं कुणी हसत नाही. कुवेतमध्ये नोकरी आहे तोवर इकामा, म्हणजे राहण्याचा परवाना, आहे, इकामा आहे तोवर घर, गाडी, बँक, फोन. हे सगळं एका सहीनं जाऊ शकतं हे इथल्या प्रत्येक माणसाला ठाऊक असतं. बाकीचे ते विसरून जेवतात, झोपतात. दीनानाथ विसरत नाही, एवढाच फरक.

तो अकोल्याचा. वय सत्तावन्न, बी.कॉम., शुवैखमधल्या बांधकाम सामानाच्या एका कंपनीत आयातीच्या कागदपत्रांचा प्रमुख. मी त्याच कंपनीत अंतर्गत तपासणी बघतो. आमची टेबलं समोरासमोर आहेत. त्याची बायको विशाखा जाब्रियातल्या एका दवाखान्यात फिजिओथेरपिस्ट आहे आणि तिथंच मागच्या गल्लीत त्यांचा फ्लॅट आहे. मुलगी अक्षरा इथं जन्मली, इथं शाळेत गेली, आता पुण्यात शिकते.

असा हा माणूस दर मंगळवारी संध्याकाळी सबाह अल-सालेममधल्या एका व्हिलाच्या तळघरात बायकोबरोबर वॉल्ट्झ आणि फॉक्सट्रॉट नाचतो, हे मला पहिली दोन वर्षं माहीत नव्हतं.

सुरुवात खांद्यापासून झाली. त्याचा उजवा खांदा धरला होता, हात वर जाईना. वहिनींनी व्यायाम दिले, ते त्यानं केले नाहीत. त्यांच्या दवाखान्याजवळच्या जिममध्ये रोमेल नावाचा फिलिपिनो शिक्षक होता. तो आणि त्याची बायको आधी एका प्रवासी जहाजावर पाहुण्यांना नाच शिकवायचे. नाचात पुरुषाला दोन्ही कोपरं खांद्याच्या रेषेत धरून ठेवावी लागतात, हे ऐकून वहिनी नवऱ्याला त्याच्या तळघरातल्या वर्गाला घेऊन गेल्या. खांदा चार महिन्यांत सुटला. तोवर दीनानाथला पायांची मोजणी आवडायला लागली होती. एक-दोन-तीन, एक-दोन-तीन. "बॅलन्स शीटसारखं आहे रे," तो मला पुढे म्हणाला, "दोन्ही बाजू जुळल्या की आपोआप कळतं."

तेव्हा त्या तळघरात तीनच जोड्या होत्या. आज तीन वर्ग भरतात आणि साठ-पासष्ट माणसं येतात. फिलिपिनो परिचारिका, लेबनीज आर्किटेक्ट, गोव्याचे, केरळचे, आपले बँकेतले आणि आयटीतले. सगळे हौशी. नाच अमेरिकन पद्धतीचा. म्हणजे काय, हे मला रोमेलनं एकदा वॉल्ट्झ आणि फॉक्सट्रॉटवरून समजावलं. इंग्लंडकडच्या पद्धतीत जोडीनं एकमेकांना धरलं की शेवटपर्यंत सोडायचं नसतं. अमेरिकन पद्धतीत मधेच हात सुटतात, बाई दूर जाते, गिरकी घेऊन येते. बघायला हे फार सुंदर दिसतं. आपल्या लोकांना तेच आवडलं. दुबईत दर डिसेंबरात हौशी लोकांसाठी स्पर्धा होते, तिथं इथून आदल्या वर्षी चार जोड्या गेल्या होत्या. गेल्या डिसेंबरासाठी अकरा जोड्यांनी नावं दिली. त्यात एक ठोसर.

हे सगळं चालायचं मात्र पडदे ओढून. स्त्री-पुरुषांनी मिळून असं नाचणं चालतं की नाही, खाजगी घरात चालत असेल तर किती माणसांपर्यंत, शिकवणं म्हटलं की परवाना लागतो का, हे त्या तळघरात कुणालाच नक्की माहीत नव्हतं. विचारायला जाण्याची हिंमत कुणाला नव्हती. म्हणून त्यांनी स्वतःच एक पद्धत पाडली होती. भिंतीवर 'हॅपी बर्थडे'ची पट्टी कायमची लावलेली आणि फ्रिजमध्ये कायम एक केक. दारावरची घंटा वाजली की गाणं बंद, बायका एका सोफ्यावर, पुरुष दुसऱ्या, आणि मधे केक. मी एकदा बघायला गेलो होतो तेव्हा घंटा वाजली. वीस सेकंदांत टँगोचा वाढदिवस झाला. दीनानाथच्या हातात सुरी होती आणि ती टेबलावर टकटक वाजत होती. दारात पाण्याच्या बाटल्या देणारा माणूस उभा होता. त्यानंही केक खाल्ला.

"दर मंगळवारी हेच," वहिनी हसत म्हणाल्या. "यांना वाटतं, एक दिवस कुणीतरी विचारणार, वाढदिवस कुणाचा? म्हणून यांनी साठ जणांच्या जन्मतारखा पाठ केल्यात."

"त्यात हसण्यासारखं काय आहे?" दीनानाथ म्हणाला. "विचारलं तर सांगता यायला पाहिजे."

नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात रजेचा अर्ज द्यायची वेळ आली. आता इथून बाहेर जायचं तर कंपनीची परवानगी लागते, फोनवरच्या ॲपमधून. आमच्याकडे आधी रजेचा अर्ज मंजूर व्हावा लागतो, मग ती परवानगी. वहिनींनी आपल्या दवाखान्यात अर्जावर सरळ 'नृत्यस्पर्धा' असं लिहिलं. त्यांच्या लेबनीज डॉक्टरीणबाईंनी दहा मिनिटांत मंजुरी दिली आणि वर फोटो पाठवा म्हणून बजावलं.

आमची कंपनी वेगळी. मालक अबू नासिर अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. सगळे त्यांना बाबा म्हणतात. त्यांच्या वडिलांचा खजुराचा व्यापार मुंबईशी होता, लहानपणीची काही वर्षं त्यांनी तिथं काढली, त्यामुळे ते आमच्याशी मोडक्या हिंदीत बोलतात. माणूस उदार, पण पाच वेळचा नमाजी आणि वागणुकीला कडक. कंपनीच्या सहलीत एकदा कुणीतरी स्पीकरवर गाणं लावलं होतं. बाबा काही न बोलता उठून गाडीत जाऊन बसले. त्यानंतर सहलच बंद झाली. दीनानाथचा इकामा जानेवारीत संपत होता. नूतनीकरणाच्या कागदावर बाबांची सही व्हायची होती.

"कारणाच्या रकान्यात काय लिहू?" त्यानं मला विचारलं.

"कौटुंबिक लिही. सगळे तेच लिहितात."

"आणि कौटुंबिक म्हणजे काय, असं विचारलं तर?"

"कुणी विचारत नाही रे."

"पण विचारलं तर?"

"मग म्हण, घरगुती."

"घरगुती काम दुबईत कसं निघालं, असं विचारतील. तिथं आपलं घर कुठे आहे?"

मी कंटाळून माझ्या कामाला लागलो. ही माझी चूक. तो अर्धा तास त्या रकान्याकडे बघत बसला होता. मोघम लिहिणं त्याच्या हातून होत नाही. आयातीच्या कागदावर 'इतर' असा शब्द दिसला तरी तो माल उघडून बघतो. शेवटी त्यानं नीट, वळणदार अक्षरात लिहिलं: पत्नीची वैद्यकीय तपासणी, दुबई. तीन दिवस. आणि अर्ज देऊन आला.

"आता कुणी काही विचारणार नाही," तो म्हणाला.

दुसऱ्याच दिवशी बाबांनी त्याला बोलावलं. परत आला तेव्हा तो खुर्चीत बसला नाही, खुर्चीची पाठ धरून उभा राहिला.

"काय झालं?"

"त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं," तो म्हणाला. "म्हणाले, माझी बायको अशीच गेली, आम्ही उशीर केला. म्हणाले, दुबई कशाला? त्यांचा पुतण्या इथं मोठा डॉक्टर आहे. त्यांनी माझ्यासमोर फोन केला. पुढच्या गुरुवारी अकरा वाजता वेळ घेतलीये. ते स्वतः येणार आहेत."

"स्वतः?"

"म्हणाले, तू इथं एकटा आहेस, तुझं कुणी नाही, मी येतो."

त्या दिवशी त्यानं एका बिलावर तीन वेळा चुकीची तारीख घातली. मी ती तीन वेळा दुरुस्त केली.

घरी सांगायचं त्यानं दोन दिवस टाळलं. तिसऱ्या दिवशी बाबांनीच ते काम केलं. संध्याकाळी त्यांचा ड्रायव्हर यासिर एक मोठी टोपली घेऊन ठोसरांच्या दारात उभा राहिला. यासिर श्रीवर्धनचा, म्हणजे मराठी बोलणारा. वहिनी सरावाला निघाल्या होत्या. केस वर बांधलेले, लांब घेराचा निळा झगा, पायात नाचाचे उंच टाचांचे बूट. दार त्यांनीच उघडलं. टोपलीत खजूर होते, मध होता आणि जमजमच्या पाण्याच्या दोन बाटल्या.

"बाबांनी पाठवलंय, भाभी. आजारी माणसासाठी," यासिर म्हणाला.

"कोण आजारी आहे?" वहिनींनी विचारलं.

यासिरनं त्यांच्याकडे वरपासून खालपर्यंत एकदा पाहिलं, टोपली ठेवली आणि सलाम करून निघून गेला.

त्या रात्रीचं मला दीनानाथनंच सांगितलं. वहिनी ओरडल्या नाहीत. बूट काढून त्या टेबलाशी बसल्या आणि बाटल्यांकडे बघत राहिल्या.

"म्हणजे माझ्या नावावर तुम्ही आजार लिहून दिलात."

"तपासणी लिहिलं. आजार नाही लिहिला."

"अहो, मी रोज आजारी माणसांचे हातपाय हलवते. तुम्हाला लिहायला दुसरं काही सुचलं नाही? त्या माणसानं मक्केहून आणून जपलेलं पाणी मला पाठवलंय. हे मी काय म्हणून पिऊ?"

"पिऊ नकोस."

"आणि फेकू?"

तेवढ्यात अक्षराचा फोन आला. तिला सगळं कळल्यावर ती पुण्याहून वडिलांना एवढंच म्हणाली, "बाबा, जस्ट टेल हिम."

"तुला काय जातंय सांगायला," तो म्हणाला. "नोकरी गेली तर सामान बांधायला किती दिवस मिळतात, माहीत आहे का तुला?"

"सामान माझं आहे निम्मं," वहिनी म्हणाल्या. "आणि गुरुवारी मी कुठल्याही डॉक्टरसमोर खोटी झोपणार नाही. आत्ताच सांगून ठेवते. माझी आई म्हणायची, वास्तू तथास्तु म्हणते. माझा विश्वास नाही त्यावर. पण लिहून देण्याआधी तुम्हाला तरी आठवायला हवं होतं."

ते वाक्य त्याच्या डोक्यात घुसलं. आपल्याकडे घरात अशुभ बोलू नये म्हणतात, वास्तुपुरुष कधी 'तथास्तु' म्हणेल सांगता येत नाही. दीनानाथ तर बोललाही नव्हता, त्यानं सहीनिशी लिहून दिलं होतं.

दुसऱ्या दिवशी चहाच्या खोलीत यासिर भेटला. मी तिथंच होतो.

"ठोसरसाहेब, भाभींना पाहिलं काल," तो चहात साखर ढवळत म्हणाला. "माशाल्ला. आजारी माणूस असा दिसत असेल, तर आमच्या घरचीलाही तुमच्याच डॉक्टरकडे न्यायला हवी."

दीनानाथनं कप खाली ठेवला. "बाबांना सांगितलंस?"

"काय सांगू? पार्सल पोचलं, हे सांगितलं."

"आणि?"

"आणि त्यांनी विचारलं, कशी आहे. मी म्हटलं, उभी होती." यासिरनं चहा संपवला. "खोटं मी बोलत नाय, साहेब. पण अर्धंच बोलायला माझ्या बापाचं काय जातं? उरलेलं अर्धं कधी विचारलं, तर मग बघा."

त्यानंतर दीनानाथ संगणकावर रजेच्या अर्जाची नोंद उघडून बघत बसायचा. त्यावर 'विचाराधीन' एवढाच शब्द होता. दार वाजलं की दचकायचा. जिन्यात बाबांची काठी ऐकू आली की कपाटामागे फाइल शोधायला जायचा. जेवणाचा डबा तसाच परत न्यायचा. मी म्हटलं, अर्ज मागे घे, म्हण की बरं वाटतंय तिला. तो म्हणाला, "मग ते म्हणतील, बरं वाटत असलं तरी तपासून घेऊ. आणि तिनं नाही म्हटलं तर? आणि पुतण्यानं तपासून सांगितलं की हिला कधी काही नव्हतंच, तर?" प्रत्येक वाटेच्या शेवटी त्यानं जाऊन पाहिलं होतं. प्रत्येक ठिकाणी बाबा उभे होते.

मंगळवारच्या वर्गात ते घडलं. मी तेव्हा त्याला सोडायला गेलो होतो आणि कोपऱ्यात बसलो होतो. वॉल्ट्झमधली ती जागा आली, जिथं हात सोडायचा असतो. दीनानाथ कधी तो वेळेवर सोडत नसे. वहिनी म्हणायच्या, विमान उतरताना लोक खुर्चीचा दांडा धरतात, तसा हे माझा हात धरतात. त्या दिवशी त्यानं सोडला. वहिनी दोन गिरक्या घेऊन दूर गेल्या, तिसरी घेतली आणि भिंतीला हात लावून खाली बसल्या. चेहरा पांढराफटक.

गाणं चालूच राहिलं. रोमेल धावला, त्याच्या बायकोनं पाणी आणलं. दीनानाथ जिथं होता तिथंच उभा होता, हात अजून अर्धवट पुढे.

"काही नाही," वहिनी डोळे मिटून म्हणाल्या. "चक्कर आली. सकाळपासून पोटात काही नाही माझ्या. चार पेशंट जास्त होते आज."

त्यांनी केकचा तुकडा खाल्ला आणि दहा मिनिटांत हसायला लागल्या. पण दीनानाथकडे पाहवत नव्हतं. घरी जाताना गाडीत तो मागच्या सीटवर त्यांचा हात धरून बसला आणि दर सिग्नलला विचारत होता, "आता कसं वाटतंय?" जाब्रियाच्या वळणावर तो मला म्हणाला, "उद्या सांगतो मी त्यांना. तू सोबत ये."

लोकांना वाटेल त्याला धीर आला. तसं नव्हतं. नोकरीच्या भीतीपेक्षा तथास्तुची ही दुसरी भीती मोठी निघाली.

बुधवारी दुपारची नमाज झाल्यावर आम्ही दोघं बाबांच्या खोलीत गेलो. मी हातात उगाच एक फाइल घेतली होती. बाबा तसबीहची माळ ओढत बसले होते. त्यांनी दोघांना बसायची खूण केली. मी बसलो. दीनानाथ उभाच राहिला.

"कल ग्यारा बजे," बाबा म्हणाले. "मैं गाडी भेजेगा."

"बाबा, डॉक्टर नको," दीनानाथ म्हणाला. घाबरल्यामुळे तो मराठीत बोलला, मग सावरून हिंदीत. "मेरी बीवी बीमार नहीं है. कभी नहीं थी."

तसबीहचे मणी थांबले.

"मैंने झूठ लिखा. हम दुबई जा रहे थे... डान्स के लिए. कॉम्पिटिशन है."

"डान्स," बाबा म्हणाले. "कौन डान्स?"

"मैं. और मेरी बीवी."

"किस के साथ?"

"मैं उस के साथ. वो मेरे साथ."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं, जणू मी याचा खुलासा करणार होतो. मी फाइलकडे पाहिलं. मग ते हळूहळू बोलले. तेवीस वर्षं दीनानाथनं पुढे ठेवलेला कागद त्यांनी कधी वाचला नव्हता. नुसती सही केली होती. स्वतःच्या मुलांचे कागद ते वाचतात, म्हणाले, याचे नाही.

"अब?" त्यांनी विचारलं.

दीनानाथनं मान खाली घातली.

"वो जमजम पिया उस ने?"

"नहीं, बाबा. रखा है. वापस लाऊँ?"

"जमजम वापस नहीं आता. किसी बीमार को दे दो." मग त्यांनी फोन उचलला आणि पुतण्याशी अरबीत बोलले. मला अरबी जेमतेम येतं, पण एवढं कळलं: उद्याची वेळ रद्द कर, अल्हमदुलिल्लाह, त्या बाईला काही झालेलं नाही. खोटं सांगितल्याबद्दल एक शब्द नाही. फोन ठेवून ते म्हणाले, "संडे को देखेगा," आणि पुन्हा मणी ओढायला लागले.

बाहेर येऊन दीनानाथ म्हणाला, "ते ओरडले का नाहीत?" याचीच त्याला जास्त भीती वाटत होती.

बुधवार दुपार ते रविवार सकाळ. मधे शुक्रवार-शनिवारची सुट्टी. त्यानं घरातले सगळे कागद काढून चार फाइलींत लावले: पासपोर्ट, शाळेचे दाखले, भाड्याचा करार, गाडी. गाडी कुणाला विकायची हेही मला सांगून ठेवलं. शनिवारी स्पर्धेच्या नावांची शेवटची तारीख होती. मी त्यांच्या घरी बसलो असताना रोमेलचा फोन आला. नवरा येऊ शकत नसेल तर विशाखा शिक्षकाबरोबर नाचू शकते, असा त्या स्पर्धेत वेगळा गट असतो, हौशी शिष्य आणि व्यावसायिक गुरू. नाव बदलू का?

वहिनींनी फोन कानाला तसाच धरून नवऱ्याकडे पाहिलं.

"मी जाते," त्या म्हणाल्या.

"रविवारी माझं काय होतंय ते कळू दे तरी."

"आज शेवटची तारीख आहे."

"आणि नोकरी गेली, आणि तू तिथं असलीस तर?"

"तर तुम्ही इथं असाल. चार फाइली लावून ठेवल्यात, त्यात मी काय भर घालणार? दोघांनी मिळून घाबरलं की भीती अर्धी होते का, अहो?"

वहिनींनी फोनवर 'यस' म्हटलं आणि आत निघून गेल्या. थोड्या वेळानं आतून त्यांच्या नाक ओढण्याचा आवाज आला. घाबरलेल्या त्याही होत्या. एवढी वर्षं त्यांनी ज्याच्याबरोबर पावलं मोजली होती, त्याला सोडून त्या निघाल्या होत्या.

रविवारी नऊ वाजता आस्थापना विभागातून पाकीट आलं. दीनानाथनं ते मला उघडायला लावलं. आत दोन कागद होते. पहिल्यावर, रजा नामंजूर. दुसऱ्यावर, इकाम्याचं नूतनीकरण मंजूर. मुदत एक वर्ष. आजवर दर वेळी ती दोन वर्षांची होत आली होती. त्यानं तो आकडा बोटानं चाचपून पाहिला.

"नोकरी राहिली," मी म्हटलं.

"एक वर्ष राहिली," तो म्हणाला.

त्याच दुपारी त्याला कागद घेऊन वर बोलावलं. अर्ध्या तासानं आला तेव्हा शर्ट पाठीला चिकटला होता. बाबांनी चष्मा लावून प्रत्येक पान पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं होतं, कस्टम्सचे छापील नियमसुद्धा. तो समोर उभा. सतरा पानं. मग सह्या केल्या आणि काही बोलले नाहीत. ते आजवर तसंच चालू आहे, आठवड्यातून दोनदा.

डिसेंबरात वहिनी दुबईला गेल्या. विमानतळावर त्यांना सोडताना दीनानाथनं त्यांच्या बुटांची पिशवी तीनदा उघडून पाहिली. शुक्रवारी दुपारी स्पर्धा होती. इथून गेलेल्या दुसऱ्या जोडीतल्या बाईनं फोनवरून ती आम्हाला दाखवली. ठोसरांच्या स्वयंपाकघरात डाळीच्या डब्याला टेकवून ठेवलेल्या फोनसमोर आम्ही दोघं उभे होतो. मोठी लाकडी जमीन, सात जोड्या. रोमेलच्या पाठीवर एक क्रमांक टाचलेला. वहिनी निळ्या झग्यात एवढ्याशा दिसत होत्या. हात सोडायच्या त्या जागेला आल्यावर दीनानाथनं डोळे मिटले. "झालं का?" त्यानं विचारलं. "झालं," मी म्हटलं, "छान झालं." तरी त्यानं गाणं संपेपर्यंत ते उघडले नाहीत. सातांत त्यांचा चौथा क्रमांक आला.

पुढच्या रविवारी दीनानाथ कागद घेऊन वर गेला. मलाही एका तपासणीसाठी बोलावणं होतं. बाबांनी बारा पानं वाचली. शेवटच्या पानावर पेन टेकवून ते थांबले.

"बीवी कैसा है?" त्यांनी वर न पाहता विचारलं.

हा टोमणा होता की चौकशी, मला कळलं नाही. दीनानाथलाही कळलं नाही. काहीतरी गोलमोल बोलून सुटता आलं असतं.

"अच्छी है, बाबा. दुबई गई थी. डान्स किया. चौथा नंबर आया."

बाबांनी सही केली, कागद त्याच्याकडे सरकवला आणि चष्मा काढला.

"सिर्फ चौथा?" ते म्हणाले.

मग बाबांनी दुसऱ्या गठ्ठ्याकडे हात नेला, चष्मा पुन्हा लावला आणि पहिल्या ओळीपासून वाचायला सुरुवात केली.

आता दर रविवारी ते हा प्रश्न विचारतात. दर रविवारी दीनानाथ खरं ते सांगतो: आज गुडघा दुखतोय, काल नवीन स्टेप शिकली, पेशंट जास्त होते म्हणून दमली. आणि दर रविवारी वर जाण्याआधी तो माझ्या टेबलाशी येऊन विचारतो, "आज काय म्हणतील रे?" त्याचे हात गार असतात.